तिसरा दुष्काळ

विहिरीत सोडलेल्या टेपचं वजन डुबुक्कन वाजलं आणि पाण्याची पातळी नोंदवायला आलेल्या सरकारी मोजणीबाईच्या कपाळाला आठी पडली. पाणी इतकं वर? छे, शक्यच नाही!

पावसानं तर यंदा तोंडाला पानंच पुसली होती. मातीत ओल औषधालाही नव्हती. म्हणजे पावसाचा दुष्काळ झाला, मातीचा झाला, राहिला विहिरींचा. तिन्ही जुळले तरच खोऱ्यातल्या गावांना सरकारी टँकर मिळणार होते. आणि नेमक्या विहिरीच दगा देत होत्या. मागच्या आठवड्यात वरच्या गावातली भरलेली निघाली, आज ही.

तिनं वाकून आत पाहिलं. कपारीतलं कोळ्याचं जाळं अर्धं पाण्यात बुडालं होतं. म्हणजे पाणी कालपरवाच चढलेलं.

"काका, काय ओतलंत आत?"

"हळू बोला हो बाई!" विहिरीचा मालक तिच्या कानाशी आला. "मुलीकडचे आलेत घर बघायला. कोरड्या विहिरीच्या घरात मुलगी कोण देईल? टँकर विकत आणून रिकामे केले. पोराचं जमतंय, मोडता घालू नका."

"आणि गावानं काय हवा प्यायची?"

तेवढ्यात पाहुणे आलेच. पुढे मुलीचे वडील, मागे मुलगी.

"पाणी बरंय की," वडील म्हणाले. त्यांनी बादलीभर शेंदलं, ओंजळ नाकाशी नेली आणि टँकरच्या गंजाचा वास येताच थबकले. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

वडिलांनी मोजणीबाईकडे पाहिलं. तिनंही त्यांना ओळखलं. वरच्या गावातली ती विहीर ह्यांचीच.

"तुमच्याकडेही पाणी भरपूर होतं," ती रोखून बघत म्हणाली.

वडिलांनी ओंजळ हळूच सोडून दिली. "त्याच दिवशी हे लोक आमच्याकडे मुलगी बघायला यायचे होते."

दोन्ही बाप एकमेकांच्या चपलांकडे बघत राहिले. हसावं की रडावं, मोजणीबाईला कळेना. संतापही आला होताच.

"मग काय लिहू? दोन्ही कोरड्या?"



"लिहा," मागून मुलगी म्हणाली. "कुठल्याही घरात गेले तरी पाणी मलाच भरायचंय."