गळ्यापर्यंत चेन

चढ चांगलाच अंगावर येत होता, तरी मनोहरने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. उल्काला ते काही पटेना. तिने स्वतःचं जाकीट कधीच काढून सॅकमध्ये कोंबलं होतं, आणि हा गृहस्थ घामाने निथळतोय, पण चेन एक इंच खाली करायला तयार नाही. शॉमबर्गला स्वतःच्या घरात, बाहेर बर्फ पडत असतानाही बनियनवर फिरणारा माणूस हा!

"अरे, उकडत नाही का तुला?"

"नाही यार. वारा आहे."

वारा कसला? झाडाची फांदीसुद्धा हलत नव्हती. उल्काने नवऱ्याच्या पाठीकडे एकदा नीट बघून घेतलं.

लाँग वीकेंडला दोघं कोलोरॅडोत स्प्लिटबोर्डिंग करायला आली होती. लेकीला, सियाला, शेजारच्या प्रतिमाकाकूंकडे ठेवलं होतं. स्प्लिटबोर्ड म्हणजे मधोमध उभा सुटणारा स्नोबोर्ड. दोन तुकडे दोन पायांत घालून डोंगर चढायचा, माथ्यावर ते जोडायचे आणि सुसाट खाली यायचं. इथे ना लिफ्ट, ना कुणाचा पहारा. बर्फाचा कडा कोसळला तर वाचवायला सोबतचाच माणूस. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात बीकन नावाचं छोटं यंत्र हवं. गाडल्या गेलेल्याचा बीकन आतून सिग्नल देत राहतो, वरच्याचा बीकन तो पकडतो, आणि तिथे भराभर खणलं तर माणूस जिवंत हाती लागतो. डिसेंबरातल्या कोर्समध्ये हे दोघांच्या डोक्यात अगदी ठोकून ठोकून बसवलं होतं.

उल्काच्या छातीवर बीकन लटकत होता. सकाळी मनोहर गावातल्या दुकानातून तिच्यासाठी भाड्याचं सामान घेऊन आला, तेव्हा ती अंघोळीला गेली होती. बूट, बोर्ड, काठ्या, फावडं, सगळ्यावर दुकानाचं पिवळं स्टिकर होतं. एकट्या बीकनवर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "निघालं असेल गं."

असेल बुवा. पण आता तिला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. पार्किंगपाशी वाट सुरू होते तिथे एक खांब होता. चालू बीकन घेऊन समोरून गेलं की त्यावर हिरवा दिवा लागतो, नाहीतर लाल. ती पुढे झाली, हिरवा लागला. आणि हा तिच्या पाठीला चिकटून, जवळजवळ ढकलतच तिला पुढे घेऊन गेला. "झालं, दोघांचं झालं. चल, चल."

दोघांचं कुठे झालं? दिवा एकदाच लागला होता.

पण ती थांबली नाही. चालता चालता विचारलं असतं तर त्याने अजून एक थाप मारली असती. माथ्यावर पोचेपर्यंत तिने कळ काढली. समोर पांढराशुभ्र, कुणीही न तुडवलेला उतार पसरला होता. मनोहर गुडघ्यावर बसून लगबगीने बोर्डचे तुकडे जोडत होता.

"चेन खाली कर," उल्का म्हणाली.

"काय?"

"जाकिटाची चेन. खाली कर."

"अगं, काय हे मध्येच..."

तिने पुढे होऊन स्वतःच खस्सकन चेन ओढली. आत घामाने चिंब झालेला टी-शर्ट होता. बीकन नव्हता.

"दुकानात एकही शिल्लक नव्हता," तो बर्फाकडे बघत म्हणाला. "लाँग वीकेंड ना. एवढी तिकिटं काढून आलो, कॅन्सल करायचं जिवावर आलं. म्हणून माझाच तुला दिला. तू तरी सेफ राहशील म्हणून."

क्षणभर उल्काला त्याची दयाच आली. वेडा आहे, पण जीव आहे याचा माझ्यावर, असं मनात आलंसुद्धा. मग तिने पुन्हा त्या उताराकडे पाहिलं. तिला काकूंच्या दारात उभी राहून टाटा करणारी सिया आठवली, आणि तिचं डोकं सणकलं.

"मनोहर, मी याच्याखाली गेले तर हा सिग्नल देत राहील. तो पकडणार कोण? तुझ्याकडे काय आहे?"

दोन डिग्र्या घेतलेला इंजिनिअर, पण ही साधी गोष्ट त्याने सकाळपासून स्वतःला विचारलीच नव्हती.

"आणि तू गेलास तर? मी काय अख्खा डोंगर खणत बसू?"

"मला वाटलं, निदान तुझ्या गळ्यात असावा."

"तुला वाटलं, हिला कळणार नाही. एवढंच वाटलं तुला."

त्याने बोर्ड पाठीला बांधला. आल्या वाटेने, दाट झाडीतून दोघं पायी उतरायला लागली. तो पुढे, ती मागे. वळणाआड गेला की तो हाक मारायचा, "उल्का?" आणि ती म्हणायची, "हं."

चौथ्या वळणाला हाक आली तेव्हा ती जेमतेम वीस पावलांवर होती. तिने मुद्दाम ओ दिली नाही.

"उल्का? उल्का!"

पाठीवरचा बोर्ड फेकून, वाट सोडून, कंबरभर बर्फातून तो धडपडत वर येताना दिसला. जाकीट सताड उघडं, चेहरा पांढराफटक. तिच्या अगदी जवळ येईपर्यंत तिने वाट पाहिली आणि मगच म्हणाली, "आहे."