रोलरवरचा आकडा

"एकशे दहा हॉर्सपॉवर!" दातांच्या डॉक्टरांनी आपल्या गाडीच्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारली. "आणि तुझे किती? पंच्याण्णव. अरे टेलर, तेवढ्यात आमच्या घरचा मिक्सर फिरतो."

"फोटोत माझा मेहुणाही राजबिंडा दिसतो," टेलर म्हणाला. "चाकापर्यंत किती पोचतात ते बोला."

"शून्य ते शंभर, अकरा सेकंदांत!"

"उतारावर का?"

मेकॅनिक पाना खाली ठेवून हसत सुटला. दर रविवारी सकाळी त्याच्या गॅरेजात ही जुगलबंदी रंगायची. पण आता त्याने जमिनीत रोलर बसवून घेतले होते. गाडी त्यांच्यावर चढवायची, चाकं जागच्या जागी पळवायची, की चाकांपाशी किती ताकद येते तो आकडा पडद्यावर हजर.

"पुढच्या रविवारी सोक्षमोक्ष लावू," तो म्हणाला. "आधीच सांगतो, इंजिनातून चाकापर्यंत येईतो पंधराएक टक्के वाटेतच खर्ची पडतात. नंतर माझ्या मशीनला शिव्या घालायच्या नाहीत."

निघताना टेलर डॉक्टरांच्या कानाशी आला. "एक सांगू? यावेळी हरलो तर गाडी राहत नाही. बायकोने बजावलंय. हरली, की विकायची."

"थट्टा करतोस?"

"तिच्यापुढे माझं काही चालतं का?"

तो कसाबसा आपल्या गाडीत शिरला. त्याचे गुडघे नेहमीसारखे स्टिअरिंगला टेकले. सीट मागे सरकव म्हटलं, की त्याची पाठ दुखायची.

डॉक्टरांचा आठवडा वाईट गेला. त्यांना टेलरच्या बायकोचा, वहिनीचा, राग आला नाही. मागे ती दाढ दाखवायला आली होती, तेव्हा तिच्या नखांत काळं तेल दिसलं होतं. हा पठ्ठ्या गाडी तिच्याकडून पुसून घेतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. वैतागेल नाही तर काय होईल! पण गाडी गेली, तर रविवारही गेला. आठवडाभर डॉक्टरांसमोर माणसं तोंड उघडून बसायची, पण बोलायचं कुणीच नाही. बोलणं व्हायचं ते या गॅरेजात, या माणसाशी. त्यासाठी एकदा हरायला काय हरकत होती?

रविवारी सकाळी त्यांनी दाढेशी ठेवायचे कापसाचे बोळे दवाखान्यातून आणले आणि बॉनेट उघडून इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीत एकामागोमाग एक कोंबले. इंजिनाचा श्वास अडला, की ताकद आपोआप बसणार होती. कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

"माफ कर ग, राणी," ते गाडीला म्हणाले. त्यांना खरंच भरून आलं होतं.

गॅरेजात आज वहिनीही आली होती. डॉक्टर उतरायच्या आत तिने मान कलती केली. "भावजी, गाडीचा आवाज बसलाय का? सर्दीबिर्दी झाली नाही ना तिला?"

सगळे हसले. डॉक्टर सर्वांत मोठ्याने हसले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले.

"चहा निवतोय," मेकॅनिकने आतून हाक मारली.

"तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "मी थांबते गाड्यांपाशी."

चहा घेऊन ते बाहेर आले, तेव्हा ती रुमालाने हात पुसत होती.

पहिली डॉक्टरांची गाडी चढली. चाकं गरगरली, पत्रे थरथरले आणि पडद्यावर आकडा स्थिरावला. त्र्याण्णव. डॉक्टरांनी जमेल तितका पडेल चेहरा केला.

मग टेलरची गाडी चढली. वहिनी खिडकीशी वाकून त्याला काहीतरी सांगत होती, बहुधा जपून चालव म्हणून. टेलर मुकाट्याने मान हलवत होता. इंजिनाने असा काही सूर लावला, की डॉक्टरांच्या अंगावर काटाच आला. अठ्ठ्याण्णव!

मेकॅनिकने पडदा पुसून पुन्हा पाहिलं. "कागदावर पंच्याण्णव आणि चाकावर अठ्ठ्याण्णव? टेलर, आत काय शिवून ठेवलंयस?"

टेलरने बायकोकडे पाहिलं. "जमलं थोडंसं."

नवं मशीन जरा लाडात आलं असेल, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांना त्याचं काय! त्यांनी टेलरला मिठी मारून गरागरा फिरवलं. "वाचली रे तुझी गाडी!" ते ओरडले. इतका आनंद त्यांना आजवर कुठल्याच जिंकण्याने झाला नव्हता. शिवाय आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हे एकट्यालाच ठाऊक असण्याची गोडी वेगळीच होती.

निघायची वेळ झाली. टेलरने किल्ली बायकोच्या हातात दिली आणि तो वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसला. वहिनी स्टिअरिंगमागे बसली. तिला सीट जराही सरकवावी लागली नाही.

डॉक्टर खिडकीशी आले. "वहिनी, तुम्ही चालवता?"

"माझीच तर गाडी आहे. गेल्या महिन्यात इंजिनही मीच उघडून बांधलं. हे आपले रविवारी मिरवून आणतात."

टेलर पलीकडच्या भिंतीवरचे टायर मोजू लागला.

"मग ते विकण्याचं?"

"हरली असती तर विकलीच असती. हरणारी गाडी ठेवून करायचं काय?"

"मग थोडक्यात वाचलात म्हणायचं," डॉक्टर गालातल्या गालात हसले.

वहिनीने रुमालाची पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली आणि गाडी सुरू केली. डॉक्टरांनी गाठ सोडली. आत कापसाचे बोळे होते, सगळेच्या सगळे.

"तुमचं सामान, भावजी," ती म्हणाली. "तुमची गाडी रोलरवर चढायच्या आधीच काढून ठेवलं होतं."