राजहत्तिणीची माळ

रिवाजाप्रमाणे नव्या राजाच्या गळ्यात पहिली माळ राजहत्तीण घालणार होती. सिंहासनासमोर ती थबकली, आणि वळून थेट गर्दीतल्या एका भिक्षूपाशी गेली. माळ त्याच्या गळ्यात पडली.

“बाबा, राज्य मिळालं की तुला!” शेजारचा कुंभार हसला. “आता आमची जकात तेवढी माफ कर.”

राजा मात्र ताडकन उठला. थोरला भाऊ युद्धात मेला, अशी दवंडी पिटवून त्याने गादी घेतली होती.

भिक्षूच्या वेशातला तो भाऊ पळाला नाही. हत्तीण आईवेगळे पिल्लू असताना त्यानेच तिला दूध पाजले होते. आज केवळ तिला दुरून पाहायला तो आला होता. गर्दी लोटत सैनिक येत होते. त्याने सोंडेवर गाल टेकला.

“वेडे, तू तरी विसरायचं होतंस.”

ती आनंदाने कान हलवत राहिली.