हातोडा सरांचा विषय

संगणक कक्षात विषय निवडायची मुदत संपायला अर्धा तास उरला होता आणि पडद्यावर भूगर्भशास्त्रासमोर सहाचाच आकडा होता. पंधरा मुलं झाली नाहीत तर विषय बंद. मग शिकवणाऱ्या सरांना ऑफिसात वेळापत्रकं जुळवत बसावं लागणार, हे कोपऱ्यातल्या मुलीला सगळ्यांआधी ठाऊक होतं. सर तिचे बाबा होते. हे मात्र वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी बाबांनी बजावलं होतं, की फाटकाच्या आत मी सर आणि तू विद्यार्थिनी. उद्या तुझ्या मार्कांवर कोणी बोट ठेवायला नको. तेव्हापासून दोघं वेगवेगळ्या बसने येत.

गेला आठवडाभर बाबा जेवणाच्या टेबलावर दगडांचे नमुने मांडून बसले होते. एकेक दगड टूथब्रशने घासून धुतलेला. ताटं आता मांडीवर घ्यायची का, म्हणून आई कुरकुरत होती.

मागच्या रांगेत बातमीपत्र म्हणून ओळखली जाणारी मुलगी रंगात आली होती. त्या मुलीला हे नाव उगाच पडलं नव्हतं. कॉलेजात पान हललं तरी तिला आधी कळायचं, आणि न हललेलंही कळायचं. दगड फोडायचा हातोडा घेऊन फिरणाऱ्या या हातोडा सरांचा विषय घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, असं ती एकेकाच्या खुर्चीमागे उभी राहून सांगत होती. सर निम्मा वर्ग नापास करतात. सर उत्तरपत्रिका वाचतच नाहीत. मग तिने आवाज खाली आणला. मागच्या सत्रात एक मुलगी सरांच्या खोलीतून रडत बाहेर आली होती, तोंडावर रुमाल धरून. दार बंद होतं म्हणे. आत काय झालं, देव जाणे.

देव जाणे म्हटलं की ऐकणारे स्वतःच जाणू लागतात. सहाचे चार झाले. त्या चारांत एक कोपऱ्यातली मुलगी होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गप्प बसावं तर विषय जाणार, वर बाबांच्या नावाला हा असला डाग. बोलावं तर त्यांचा शब्द मोडणार. ती उठून उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"ती मुलगी मी होते," ती म्हणाली. "तोंडी परीक्षेत त्यांनी मला नापास केलं होतं. मार्क वाढवा म्हणून मी हट्ट धरला, ते नाही म्हणाले, म्हणून रडले. दार उघडंच होतं."

"तुलाच नापास केलं, आणि तू त्यांची बाजू घेतेस?" बातमीपत्राने विचारलं.

"ते माझे बाबा आहेत."

तिला एकदम हलकं वाटलं. बातमीपत्राचा चेहरा पडला होता. पण तेवढ्यावर थांबेल तर ती बातमीपत्र कसली. थोडा विचार करून ती शेजारच्या मुलाच्या कानाला लागली. तो पुढच्याकडे वळला. कुजबुज रांगेरांगेने सरकत कोपऱ्यापर्यंत आली. म्हणजे पेपर हिच्या घरातच निघतो. हिच्याशी जमवून घ्यायचं. मुलीला नापास केलं ते नुसतं दाखवायला.

ती नाही नाही म्हणत राहिली. कोणी ऐकत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, अगदी प्रेमाने. एकाने तिच्यापुढे पाण्याची बाटली आणून ठेवली. आकडा नऊ झाला, पंधरा झाला, तिसाच्या पुढे गेला.

मुदत संपता संपता बाबा दारात आले. आकडा बरोबर आहे ना, असं त्यांनी कक्ष सांभाळणाऱ्या बाईंना दोनदा विचारलं, आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ वाकून स्वतःही पाहिलं. मग आपलाच नियम विसरून, सगळ्यांदेखत, ते सरळ तिच्यापाशी आले. त्यांचे डोळे भरले होते.

"पाहिलंस?" ते हळूच म्हणाले. "मनापासून कोण शिकवतं, ते मुलांना शेवटी कळतंच गं."

मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला कोपराने ढोसलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.