डबडं

बहिणीने बाबांचे फोटो मागितले की दादाचं ठरलेलं उत्तर असायचं, "विचार करून सांगतो."

त्याचा कॉम्प्युटर जळला, तेव्हा त्यातली फोटोंची मोठी हार्ड डिस्क त्याने बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरला लावली. तो सुरूच होईना. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बहीण आठवली.

तिने डिस्क काढताच कॉम्प्युटर सुरू झाला.

"म्हणजे डिस्कच गेली?"

"बघ ना दादा, तिच्याशिवाय कसा झटकन चालू झाला."

"मग ने ते डबडं, भंगारात टाक."

एवढी मोठी डिस्क त्या जुन्या यंत्राला झेपत नव्हती, इतकंच. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तिने बाबांचा हसरा फोटो टाकला.

दादाने लगेच लिहिलं, "अगं, बाकीचे मला पाठव ना."



"विचार करून सांगते."