तेराव्याची पाने
बाबांच्या तेराव्याला भटजींनी शांतीच्या कलशासाठी आंब्याची पाने मागितली. दरवेळी ती शेजारच्या सत्यभामाबाईंच्या झाडाची येत. त्याच झाडाच्या मुळांनी आमची भिंत तडकली असा दावा बाबांनी केला. ते नावाजलेले वकील. झाड तोडायचा हुकूम मिळाला. इंग्रजी अर्ज माझ्या अक्षरात होता. झाड गेल्यावरही तडा वाढला, तेव्हा कळले, पाणी आमच्याच मोरीचे मुरत होते. आम्ही गुपचूप मोरी दुरुस्त केली. आता सत्यभामाबाईच बडनेऱ्याच्या मळ्यातून पाने घेऊन आल्या. मला राहवले नाही. "भिंत मोरीमुळे तडकली होती," मी म्हणाले. "ठाऊक हाये, कुंदाताई. बुंधा खणला तवा पायलं, तुमच्याकडे एकही मूळ गेलं नव्हतं." "मग बोललात का नाही?" त्यांनी पाने माझ्या ओंजळीत ठेवली. "वकीलसायब सोताच सांगतीन म्हून मी थांबली होती."