छोरी नानीकडे गेलीय

"पेला पुन्हा तसाच! वर साय धरलीय बघ," दादी सुनेच्या कानाशी पुटपुटली. "घरची म्हैस, घरचं दूध, आणि पोर तोंड लावत नाही. तुझं तरी लक्ष कुठाय? हल्ली माहेरी फोन फार चाललेत तुझे. त्या बहिऱ्या आईशी एवढं काय बोलायचं असतं?"

किताबोनं घुंगट आणखी खाली ओढला आणि भांडं घासत राहिली. तेच भांडं ती तिसऱ्यांदा घासत होती. सकाळपासून तिचा एक डोळा गल्लीच्या तोंडाशी होता.

अंगणात, उन्हात, बाजेवर तिची लेक तन्नू पांघरूण घेऊन पडली होती. एकोणीस वर्षांची पहलवान, देशाच्या संघात निवडलेली, पुढच्या महिन्यात आशियाई कुस्तीला निघालेली. ते मेडल अजून गळ्यात पडलं नव्हतं, पण त्यावर सरकार देणार ते बक्षीस या घरात कधीचंच राहायला आलं होतं. सासऱ्यांनी मनातल्या मनात त्यातून माडी चढवली होती. अडतिशीतही बिनलग्नाच्या धाकट्या दिरानं गाडीचा रंग ठरवला होता. गाडी दारात उभी राहिली की मुली आपोआप सांगून येतील, अशी त्याची अटकळ.

"मेडलच्या आधी सरकार एक अंडं देत नाही," तन्नूला कुस्ती शिकवणारे पहलवानजी हुक्क्याची नळी सासऱ्यांकडे वळवत म्हणाले. "मेडल आणा, मग पोतं भरून नोटा. आणि चौथी आली तर गावचं कुत्रंही विचारत नाही. मग मधला रस्ता कसा कापायचा, ते आमचं आम्ही बघतो."

कसा, ते कुणी विचारलं नाही. पहलवानजींच्या स्टीलच्या डब्याला घरात सगळे 'ताकद' म्हणत. डबा आला की तन्नू आतल्या खोलीत जायची आणि बाहेरचे मोठमोठ्यानं गव्हाबद्दल बोलायला लागायचे.

पण पोरीचे कपडे किताबो धूत होती. चार महिने पाळी आली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. आवाज बापासारखा झाला होता. पाय चेपताना अंगठा दाबला की मांसात खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. गेल्या साली शेजारच्या गावचा बलराज आखाड्यात मटकन खाली बसला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. महिना माघाचा होता. त्याचेही पहलवानजी हेच.

दार ढकलून तन्नूचा बाप, जोगिंदर, धापा टाकत आत आला.

"आले! लघवी तपासणारे आले! चौकात आपलंच घर विचारतायत."

हुक्क्याची गुडगुड थांबली.

"न सांगता?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते कधी सांगून येतात? पण नेमके आपल्याच दारी? जयभगवाननं चुगली केली असणार. त्याची पोर निवडीत मागे पडली ना! आणि दाराची कडी कुणी काढली? लावून ठेवा म्हणून सकाळी मी स्वतः बजावून गेलो होतो."

उत्तर द्यायला सवड कुणाला होती? पहलवानजींनी डबा शालीखाली घेतला आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे उडी टाकली. इतकी चपळाई त्यांनी उभ्या हयातीत आखाड्यात दाखवली नसेल.

तन्नू उठायला गेली आणि बाजेची दांडी धरून पुन्हा बसली. "पप्पा, मला नाही भिंत चढवणार."

गाडी गल्लीत वळल्याचा आवाज आला. दादीच्याच डोक्यात आधी उजेड पडला. "ओढणी टाका तिच्यावर. परक्या घरच्या सुनेचा घुंगट वर करायची छाती आहे कुणाची?"

लेकीनं बापाच्या अंगणात घुंगट घ्यायचा, हे या घरात कधी घडलं नव्हतं. किताबोनं दोरीवरची आपली पिवळी ओढणी काढून लेकीच्या डोक्यावरून पार हनुवटीखाली ओढली.

"मला भीती वाटते गं," ओढणीआडून तन्नू म्हणाली.

"मलाही," किताबो म्हणाली. दोघी चुलीपाशी पाठ करून बसल्या.

एक बाई आणि एक माणूस आत आले. माणसाच्या हातात पेटी, बाईंच्या हातात कागद.

"तन्नू कुठे आहे?"

"छोरी नानीकडे गेलीय," सासरे म्हणाले. "नानी आजारी आहे."

"रोज तीन ते चार घरी असेन, असं तिनंच लिहून दिलंय."

"दुखणं काय घड्याळ बघून येतं, मॅडम?"

बाईंची नजर चुलीकडे गेली. "ह्या कोण?"

"सुना आमच्या. एक मोठ्याची, एक धाकट्याची."

धाकटा दीर उगाचच लाजला.

"गैरहजर लिहावं लागेल. असं तीनदा झालं तर बंदी येते, माहिती आहे ना?"

"लिहा की," जोगिंदर म्हणाला. त्याच्या आवाजात आता जीव आला होता. "हे पहिलंच आहे. चहा तरी घेऊन जा."

"नको." बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. माणसानं पेटी उचलली. दोघांची पावलं दाराकडे वळली. एक, दोन, तीन.

"थांबा, मॅडम."

आवाज कुणाचा, हे आधी कुणाला कळलंच नाही. बावीस वर्षांत सासऱ्यांनी तो कधी ऐकला नव्हता.

किताबो उठली. भरल्या अंगणात तिनं आधी स्वतःचा घुंगट मागे टाकला, मग लेकीचा.

"ही माझी तन्नू. सुया टोचतात हिला. बलराजही सुयांनीच मेला."

"डोकं फिरलं काय तुझं?" जोगिंदर ओरडला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंकडे बघत होती.

"आठ दिवस वाट बघायला लावलीत, मॅडम. तुम्हाला फोन मीच केला होता."